पालिकेत आयुष्य घातलेल्या माणसाची आठवण कशी लिहावी

भाऊ, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी तुमचे काका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात रोजंदारीवर वॉलमन, म्हणजे पाण्याचे वॉल (व्हॉल्व्ह) उघड-बंद करणारा माणूस, म्हणून लागले. पुढे कायम झाले, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरही पाइप फुटला की लोक त्यांचंच दार वाजवायचे. सारं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. यंदा ते गेले. येत्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी त्यांच्या नावाची पहिली घागर भरायची आहे आणि त्या दिवशी एक छोटी पुस्तिका गावात वाटावी असं तुम्हा मंडळींच्या मनात आहे. लिहायला बसलात तर मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, निःस्वार्थी, हसतमुख यापलीकडे काही सुचेना. हेच शब्द मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या गंधमुक्तीच्या (मृत्यूनंतरच्या विधीच्या) पत्रिकेवरही छापलेले होते, हे तुम्हाला खटकलं. मग लिहायचं काय, असं तुम्ही विचारता.

जळगाव-धुळ्याकडच्या वृत्तपत्रांत शहराचं पान सांभाळण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. मृत्युलेख, पुण्यस्मरणाच्या पुरवण्या, स्मरणिका हे काम माझ्याकडे येत गेलं आणि मी ते मनापासून केलं. त्या अनुभवातून सांगते: पालिकेतल्या माणसाचं चरित्र घरात फार थोडं सापडतं. ते गावभर विखुरलेलं असतं. त्याने केलेल्या निवडी गावाच्या सवयी होऊन बसलेल्या असतात आणि त्या कुणी केल्या हे कुणालाच आठवत नाही. त्या निवडी शोधून काढणं हेच तुमचं काम आहे. लिहिणं त्यानंतर, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा ते सोपं जाईल.

सुरुवात अशी करा. सध्याच्या दोन वॉलमनना विनंती करून त्यांच्याबरोबर पाण्याचं एक पूर्ण रोटेशन, म्हणजे सगळ्या भागांना एकदा पाणी मिळेपर्यंतची फेरी, फिरा. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कुठे दोन दिवसाआड, कुठे चार, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. म्हणजे एक रोटेशन फिरायचं तर तुमचे काही दिवस आणि एक-दोन रात्री जातील. जाऊ द्या. नदीतल्या जॅकवेलपासून, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीपासून, निघा. तिथून रायझिंग मेनने, म्हणजे पंपाने पाणी चढवणाऱ्या मोठ्या पाइपने, पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तुरटी आणि क्लोरीन घेऊन टाकीत चढतं, आणि टाकीतून वॉर्डावॉर्डात उतरतं. प्रत्येक टप्प्यावर एकच विचारा: हे असं करायचं कुणी ठरवलं? बऱ्याच ठिकाणी उत्तर येईल, 'आधीपासून असंच आहे.' तिथे थांबा. 'आधीपासून' म्हणजे कधीपासून, आणि त्याच्या आधी काय होतं, हे विचारलं की अण्णा भेटायला लागतील.

उदाहरणार्थ, वॉल उघडण्याचा क्रम. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, चावी फिरवली की पाणी सुटलं. पण एका टाकीवर पाच-सहा भाग असतील तर कोणता आधी सोडायचा, प्रत्येक वॉल किती आटे उघडायचा, किती वेळ ठेवायचा, हे सगळं त्या माणसाच्या हातात असतं. जवळचे वॉल पूर्ण उघडले तर सखल भागातल्या हौदांतून पाणी वाहून जातं आणि चढावरच्या वस्तीत तोटीतून फक्त हवा येते. जवळचे वॉल थोडे दाबून ठेवले तर दाब पुढे सरकतो आणि शेवटच्या घरातही हंडा भरतो. याबद्दल लेखी आदेश सहसा कुठे नसतो. शहरांसाठी पाण्याचं मापदंडातलं प्रमाण भुयारी गटारं असतील तर माणशी रोज १३५ लिटर आणि नसतील तर ७० लिटर असं बरीच वर्षं धरलं जात होतं. पण ते प्रमाण गावाच्या सरासरीचं असतं; टोकाच्या घराला त्यातलं किती मिळतं, हे वॉलवरचा हात ठरवतो. नगरसेवकांच्या गल्लीला पहाटे सहाला पाणी आणि चढावरच्या वस्तीला रात्री अडीचला, असा क्रम असेल तर तो कुणीतरी लावलेला असतो. आणि तो बदलला असेल तर कुणीतरी दडपण सोसून बदललेला असतो.

म्हणून तुमच्या गावात पाइपलाइनच्या अगदी टोकाला राहणाऱ्या घरांत जा. तिथल्या बायकांना विचारा, लग्न होऊन आलात तेव्हा पाणी किती वाजता यायचं, मुलं शाळेत जायला लागली तेव्हा किती वाजता, आता किती वाजता. अण्णांबद्दल विचारूच नका, वेळा विचारा. मी एका दुसऱ्या गावी असंच बसले होते. तासभर नुसत्या वेळा चालल्या होत्या, आणि मग एक म्हातारी आपल्या अहिराणीत म्हणाली, 'अण्णा व्हतात तवय आमना गल्लीमा बी पानी येये.' तिच्या गावचा अण्णा वेगळा, तुमचा वेगळा. पण त्या एका वाक्यासाठी मी आख्खा लेख पुन्हा लिहायला घेतला. असं वाक्य तुम्हाला मिळालं तर ते जसंच्या तसं, बोलीतच छापा. त्याला प्रमाण मराठीचा सदरा घालू नका.

दुसरी गोष्ट, जमिनीखालचं ज्ञान. जुन्या गावात पाइप कुठून गेलाय याचा पूर्ण नकाशा पालिकेत बहुधा नसतो. असला तरी तो योजना झाली त्या वर्षीचा असतो, नंतरच्या जोडण्या त्यात नसतात. ते सारं वॉलमनच्या डोक्यात असतं. कुठल्या मारुतीच्या पारामागे जुना बिडाचा पाइप सिमेंटच्या पाइपला जोडलाय, कुठला वॉल डांबराखाली गाडला गेलाय, कुठे चेंबर नाल्याला लागून आहे. रात्री रहदारी थांबल्यावर रस्त्यावर लोखंडी सळई टेकवून तिला कान लावायचा आणि खालची गळती ऐकायची, ही जुनी रीत. अण्णा ती करायचे का, ती त्यांना कुणी शिकवली, त्यांनी पुढे कुणाला शिकवली, हे विचारा. शिकवणाऱ्याचं आणि शिकणाऱ्याचं नाव छापा. पालिकेतलं कौशल्य असंच हातातून हातात जातं आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

गावाची काविळीची वर्षं तपासा. गळक्या पाइपातून गटाराचं पाणी आत ओढलं गेलं की सगळ्यात आधी शेवटच्या नळांवर त्रास सुरू होतो. नळ बंद असतो तेव्हा पाइप रिकामा असतो, आणि रिकामा पाइप बाहेरची घाण ओढून घेतो. चार दिवसाआड पाणी सोडणाऱ्या गावाला हा धोका रोज पाणी येणाऱ्या गावापेक्षा फार जास्त. म्हणून शेवटच्या घरातल्या नळाला क्लोरीन उरलाय का हे पाहणं महत्त्वाचं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, तोच पुरावा. ही तपासणी टाकीखालच्या नळावर उरकणारेही असतात आणि सायकलवरून शेवटच्या घरी जाऊन करणारेही. तुमचे अण्णा कुठे करायचे? नोंदवही सापडली तर त्यातल्या एका पानाचा फोटो पुस्तिकेत घाला. कुठल्याही सत्काराच्या फोटोपेक्षा तो मोलाचा आहे.

आता कागद. इथे थोडं रेंगाळते, कारण इथेच बहुतेक जण हात टेकतात. कागद जपण्याच्या बाबतीत खानदेश मागे नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेले दप्तरांचे कागद आपल्या लोकांनी सांभाळले. शंकर श्रीकृष्ण देवांनी धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी बाडं जतन केली. त्याच आपल्या मुलखात पालिकेचं तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं मिळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जुन्या बाडांइतकीच ही रजिस्टरंही गावाचा इतिहास आहेत.

तुम्हाला लागणारे कागद बहुतेक असतील. सर्वसाधारण सभेची आणि समित्यांची इतिवृत्तं. त्यांत पाणीपुरवठ्याचे ठराव क्रमांक आणि तारखेसह असतात. वार्षिक अंदाजपत्रकं. पंपघराची लॉगबुकं, ज्यात पंप कधी चालू झाला, कधी वीज गेली हे लिहिलेलं असतं. कामांची मोजमाप पुस्तकं. आणि अण्णांचं सेवापुस्तक. आधी मुख्याधिकाऱ्यांना साधा अर्ज देऊन, पुस्तिकेचा हेतू सांगून पाहायला मागा. निम्म्या ठिकाणी एवढ्यावर काम होतं. नाहीच झालं तर माहितीचा अधिकार, २००५. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि 'सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका, वर्ष आणि सभा सांगून मागा. सेवापुस्तक मात्र वैयक्तिक कागद आहे. ते तुम्ही पुतण्या म्हणून मागण्यापेक्षा काकूंनी वारस म्हणून मागितलेलं बरं.

सेवापुस्तकाने तारखा पक्क्या होतात. घरच्यांच्या आठवणीत तारखा नसतात, प्रसंग असतात: 'बहात्तरच्या दुष्काळात', 'नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तेव्हा', 'जकात बंद झाली त्या सुमाराला'. हे प्रसंग खुंटीसारखे वापरा. दुष्काळ १९७२, नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८, नगरपरिषदांची जकात बंद १९९९, धुळे आणि जळगाव महानगरपालिका झाल्या २००३. अण्णा रोजंदारीवर कधी लागले आणि कायम कधी झाले, यांत किती वर्षांचं अंतर आहे ते नक्की काढा. त्या मधल्या वर्षांत माणसाला रजा नसते, निवृत्तिवेतन जमा होत नसतं, उद्या काम असेल याची खात्री नसते. तरीही तो रात्री वॉलवर उभा असतो. जकात गेल्यानंतर अनेक पालिकांत पगार महिनोन्‌महिने लांबले, तो काळही त्यांच्या नोकरीत येत असेल तर त्या महिन्यांत रोटेशन चुकलं होतं का, हे लॉगबुकात पाहा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांतलंही पाहा. पंप मध्यरात्रीच चालायचे, टाकी पहाटेपर्यंत भरायची नाही आणि शिव्या वॉलमनला बसायच्या. त्या काळात त्यांनी वेळापत्रक कसं फिरवलं, हे एका परिच्छेदात नीट आलं तर निष्ठा हा शब्द लिहायची गरजही पडणार नाही.

श्रेयाबद्दल मात्र कडक राहा. स्मरणिकेत माणूस मोठा दिसावा म्हणून गावाची आख्खी पाणीयोजना त्याच्या नावावर चढवण्याचा मोह होतो. गावांच्या मोठ्या योजनांची आखणी आणि बांधणी बऱ्याचदा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने केलेली असते, पैसा शासनाचा असतो, ठराव सभागृहाचा असतो. गिरणा धरण १९६९ मधलं, हतनूर १९८२ मधलं. ते कुणा पर्यवेक्षकाने आणलेलं नाही. पण उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडल्यावर हतनूरमधून पिण्यासाठी आवर्तन सुटतं, तेव्हा ते पाणी तुमच्या जॅकवेलपर्यंत पोचवणं हे वेगळं काम आहे. वाटेत दोन्ही काठांवर शेतीच्या मोटारी असतात, वाळूत पाणी जिरतं, कधीकधी जॅकवेलच्या तोंडाशी चर खणून धार वळवून घ्यावी लागते. त्यासाठी पंचेचाळीस अंशांच्या उन्हात नदीपात्रात कोण उभं राहिलं? हे श्रेय त्यांचं आहे आणि तेवढं पुरेसं मोठं आहे.

विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि त्यांच्या सुरुवातीच्या कामांत पांझरा नदीवरचा दातर्तीचा पाइपचा सायफन (नदीपलीकडे पाणी नेणारा पाइप) होता, हे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. सांगावंच. धुळ्याच्या सरळ समांतर गल्ल्या कॅप्टन ब्रिग्जने आखल्या, हेही शाळेतल्या मुलांना माहीत असतं. आखणाऱ्यांची नोंद राहते. आखलेलं पुढे वर्षानुवर्षं चालवलं कुणी, गाळ कुणी काढला, वायसर कुणी बदलले, याची नोंद आपण कधी केलीच नाही. तुमची चाळीस पानं ती उणीव एका गावापुरती भरतील. म्हणूनच दुसऱ्याचं श्रेय त्यात मिसळू नका. मिसळलंत तर खरं असलेलंही कुणी मानणार नाही.

माणसांकडे जाताना एवढं पाळा. माजी नगराध्यक्षांचा आणि मुख्याधिकाऱ्यांचा शुभेच्छावजा मजकूर सगळ्यात शेवटी मागा आणि एका पानात बसवा. आधी जा ते ज्यांनी त्यांच्याबरोबर रात्री काढल्या त्यांच्याकडे: हेल्पर, पंपचालक, फिटर, चर खणणारे मजूर, मेकॅनिक, रात्री अकराला चहा देणारा टपरीवाला. त्यानंतर ज्यांचं त्यांच्याशी वाजलं त्यांच्याकडे. पाणीपट्टी थकली म्हणून ज्यांचं कनेक्शन तोडलं ती माणसं, थेट मेन लाइनला मोटार लावल्याबद्दल ज्यांची मोटार उचलून नेली ती माणसं. आमच्या पानावर मी एकदा पालिकेच्या एका मुकादमाबद्दल लिहीत होते, तेव्हा त्यांच्याविरुद्ध तक्रारी करणाऱ्या एका दुकानदाराने जे सांगितलं ते त्यांच्या मित्रांपैकी कुणी सांगितलं नव्हतं: 'माझ्या दुकानापुढचा ओटा त्यांनी तोडला, पण आधी स्वतःच्या भावाचा तोडला होता.' प्रशंसा करणाऱ्यांच्या डोक्यात विशेषणं असतात, भांडलेल्यांच्या डोक्यात तपशील असतात.

प्रश्न लहान आणि ठोस ठेवा. 'अण्णा कसे होते?' विचारलंत तर 'देवमाणूस' हे उत्तर येईल आणि गाडी तिथेच थांबेल. यात्रेच्या दिवसांत पाणी कधी सुटायचं, रमजानमध्ये पहाटेची वेळ बदलायचे का, कुणाच्या घरी मयत झाली आणि त्या दिवशी पाण्याचा वार नसला तर काय व्हायचं, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत शाळेची टाकी कोण भरून घ्यायचं, लग्नाच्या तिथीला टँकर कुणाला मिळायचा आणि कुणाला नाही, असं विचारा. यातल्या प्रत्येक उत्तरात एकेक प्रसंग निघेल. आणि एकाच प्रसंगाची दोन माणसं दोन वेगळी हकिगत सांगतील, तेव्हा त्यातली सोयीची निवडू नका. कागदाशी ताडून पाहा. कागद नसेल तर दोन्ही लिहा.

अवघड गोष्टींचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न तुमच्यासमोर येणार आहे. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादी कारणे दाखवा नोटीस असेल, एखादी चौकशी असेल, संपात त्यांनी पाणी बंद ठेवलं असेल किंवा संप मोडून सोडलं असेल, कुठल्यातरी निवडणुकीनंतर त्यांना पाण्यावरून उचलून जन्ममृत्यूच्या टेबलावर बसवलं असेल. घरचे म्हणतील, हे नको. माझं मत स्पष्ट आहे: जे गावाला माहीत आहे ते पुस्तिकेत यावं, संयमाने आणि पुराव्यानिशी. लपवलंत तर वाचणारा मनातल्या मनात तेच वाचत बसेल. संपाचा प्रसंग तर जरूर घ्या. आपल्या सहकाऱ्यांशी इमान आणि गावाशी इमान या दोन्हींत माणूस कसा उभा राहिला, हे त्याच्या आयुष्यातलं फार महत्त्वाचं पान असतं, मग त्याने काहीही निवडलेलं असो. मात्र चौकशीत नाव आलेल्या इतर हयात माणसांची नावं छापू नका. तुमची पुस्तिका त्यांच्याबद्दल नाही.

आणि काकू. स्मरणिकांमध्ये पत्नीला एक ओळ मिळते: 'त्यांच्या यशात मोलाची साथ.' मला ही ओळ वाचवत नाही. रात्री दोनला दार वाजलं की उठून बॅटरी आणि मफलर हातात देणारी ती होती. सणाच्या दिवशी ताट वाढून वाट पाहणारी ती. रस्त्यात अडवून 'आमच्याकडे पाणी का नाही' असं नवऱ्याऐवजी जिला विचारलं गेलं तीही तीच. पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरात कित्येकदा पाणी गल्लीतल्या सगळ्यांनंतर भरलं जातं, लोकांनी बोट दाखवू नये म्हणून. तुमच्या घरी तसं होतं का, हे त्यांनाच विचारा. त्यांच्याजवळ दोन-तीन दुपारी नुसतं बसा, रेकॉर्डर परवानगीने सुरू ठेवा. त्या रागाने काही बोलल्या तर तेही छापा, त्यांना वाचून दाखवून, त्यांची संमती घेऊन. गावाला दिलेला वेळ कुणाच्या वाट्यातून गेला, हे आल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. पुस्तिकेत कुठल्या एका माणसाला सर्वांत जास्त पानं द्यायची तर ती काकूंना द्या.

कुणाला नगरसेवकाबद्दल, नगराध्यक्षाबद्दल लिहायचं असेल तर रीत थोडी बदलते. तिथे इतिवृत्तं हाच मुख्य आधार. त्यांनी सभेत कोणते प्रश्न विचारले, कुठल्या ठरावाला विरोध नोंदवला, स्वतःच्या वॉर्डाबाहेरच्या कुठल्या कामासाठी आग्रह धरला, हे पाहायचं. कोनशिलांवर जायचं नाही, कोनशिलेवर नाव उद्घाटनाच्या दिवशी जो पदावर असतो त्याचं असतं.

लिहिण्याबद्दल थोडंच. जन्मतारखेने सुरुवात करू नका. एका रोटेशनने करा, पंप सुरू होतो तिथून शेवटच्या हंड्यापर्यंत, आणि त्या वाटेवर माणूस दाखवा. जन्म, शिक्षण, कुटुंब हे मागे एका पानावर चौकटीत येऊ द्या. कामाचे शब्द तुमच्या गावात चालतात तेच ठेवा: वॉल, चावी, आटे, रोटेशन, जॅकवेल. 'जलसेवेचे अखंड व्रत' असलं काही आलं की ते वाक्य काढा आणि त्या जागी एक तारीख किंवा एक गल्ली घाला. चारोळ्या नकोत. फोटोंत सत्कार-हार कमी, कामावरचे जास्त. चिखलात उतरलेला एक जरी जुना फोटो मिळाला तरी मुखपृष्ठ झालं. फोटोतल्या प्रत्येकाचं नाव डावीकडून उजवीकडे लिहा, मजुरांचंही. त्यासाठी फोटो घेऊन घरोघर फिरावं लागलं तर फिरा.

गावात आता चर्चा असेल की चौकाला त्यांचं नाव द्यावं. रस्त्याला किंवा चौकाला नाव द्यायला सभेचा ठराव लागतो, तुम्ही निवेदन द्या, चांगलंच आहे. पण माझी विनंती आहे की त्याआधी एक वेगळं काम करा. अण्णांच्या डोक्यात जे होतं त्यातलं जेवढं त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांकडे उरलंय, ते कागदावर उतरवा. गावाचा मोठा नकाशा घ्या, जुन्या फिटरला आणि हेल्परला समोर बसवा आणि प्रत्येक वॉल, प्रत्येक जोड, गाडलं गेलेलं प्रत्येक चेंबर त्यावर मांडा. कोणता वॉल किती आटे, कुठल्या भागाला किती वेळ, दाब कमी असला तर कोणता क्रम. हा नकाशा पुस्तिकेत छापू नका. पाणीपुरवठ्याची ठिकाणं उघड करणं सुरक्षेच्या दृष्टीने बरं नाही. त्याच्या दोन प्रती करून एक मुख्याधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या, एक पाणीपुरवठा विभागात लावा, खाली एका ओळीत अण्णांचं नाव लिहा. नव्याने लागलेला वॉलमन, जो कदाचित कंत्राटी असेल आणि ज्याला शिकवायला कुणी उरलेलं नसेल, तो रोज ते नाव वाचेल. अण्णांचं काम खरंच समजणारा वाचक तो आहे.

अखाजीला वेळ थोडा आहे, म्हणून क्रम सांगते. सेवापुस्तकाचा अर्ज उद्याच काकूंच्या सहीने द्या, कारण त्याला सगळ्यात जास्त दिवस लागतील. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांपैकी जे वयाने सर्वांत मोठे आहेत त्यांच्याकडे याच आठवड्यात जा, बाकीचे थांबू शकतात. इतिवृत्तं वाचायला गावातल्या वाचनालयातली दोन कॉलेजची मुलं बरोबर घ्या, जुनी मोडी वळणाची सही आणि खाडाखोड वाचायला एक निवृत्त कारकून घ्या. मजकूर जुळला की छापायच्या आधी मला पाठवा, मी प्रत्येक ओळ पाहून देईन. अखाजीपर्यंत सगळं झालं नाही तर त्या दिवशी फक्त काकूंची मुलाखत आणि कामावरचे फोटो एवढीच आठ पानं काढा; उरलेली पुस्तिका वर्षश्राद्धाला येऊ द्या.